गायरांगर फ्योर्डला जायचंय? मग हे प्रश्न तुम्हालाही पडणारच

नॉर्वेचा प्लॅन ठरला की लोक गायरांगरबद्दल विचारतात आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. एक आधीच सांगतो, माझं मत याबाबतीत ठाम आहे. इथे राहायला यायचं, तीन तासांत फोटो काढून पळायला यायचं नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांमध्ये हे मत डोकावेल, चालवून घ्या.

गायरांगर नक्की आहे कुठे?

नॉर्वेच्या पश्चिम भागात, मोरे ओग रोम्सदाल नावाच्या जिल्ह्यात. गाव अगदी छोटं, जेमतेम अडीचशे लोकवस्तीचं, आणि ते फ्योर्डच्या पार आतल्या टोकाला आहे. फ्योर्ड साधारण १५ किलोमीटर लांब, नागमोडी. तो सुनिल्व्सफ्योर्डला मिळतो, तो पुढे मोठ्या स्तोरफ्योर्डला, आणि असं करत करत पाणी खुल्या समुद्रापर्यंत जातं, म्हणजे गावात उभे असाल तर समुद्रकिनारा जवळपास १०० किलोमीटर लांब आहे आणि तरी पायाशी पाणी समुद्राचंच. २००५ मध्ये युनेस्कोने गायरांगर आणि दक्षिणेकडचा नॅरोयफ्योर्ड अशा दोघांना मिळून जागतिक वारसा यादीत घेतलं.

फ्योर्ड म्हणजे काय हो, नदी की तलाव की खाडी?

दिसायला तलाव, असतो समुद्र. हिमयुगात इथे प्रचंड जाड बर्फ होता, त्याच्या हिमनद्या आधीच्या नदीच्या दऱ्यांमधून सरकत गेल्या आणि त्यांनी दरी खरवडून खरवडून खोल केली, इतकी की तळ समुद्रसपाटीच्याही खाली गेला. मग साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळला आणि समुद्र आत शिरला. म्हणून दरीचा आकार इंग्रजी यू सारखा असतो, कडे सरळ उभे आणि पाण्याखालीही तसेच सरळ उतरलेले. या भागातले कडे पाण्यावर १,४०० मीटरपर्यंत उंच आहेत आणि काही ठिकाणी पाण्याखाली ५०० मीटरपर्यंत जातात. एवढ्या मोठ्या क्रूझ बोटी गावाच्या अगदी समोर येऊन कशा उभ्या राहतात याचं उत्तर हेच, खोली भरपूर.

आणि धबधबे एवढे का? बाजूच्या छोट्या दऱ्यांमधल्या हिमनद्या लहान होत्या, त्यांनी तेवढं खोल खणलंच नाही, त्यामुळे बर्फ गेल्यावर त्या दऱ्या वर हवेत लटकत राहिल्या आणि त्यांचं पाणी थेट कड्यावरून खाली पडायला लागलं. आपल्या सह्याद्रीत कड्याला थर दिसतात कारण तो लाव्हाचा बेसाल्ट, इथला दगड नाइस (gneiss) जातीचा, खूप जुना आणि पिळवटलेला, त्यामुळे कडा एकसंध आणि गुळगुळीत वाटतो. जवळून बघाल तर दगडात पांढरे-काळे पट्टे वळलेले दिसतील.

कुठल्या महिन्यात जावं?

मे शेवट ते जूनचा मध्य, माझं पहिलं मत. तेव्हा वरचा बर्फ वितळत असतो म्हणून धबधबे फुल असतात, डोंगरांच्या माथ्यावर बर्फ शिल्लक असतो आणि खाली हिरवंगार. फक्त वरचे रस्ते तोपर्यंत उघडलेत का ते बघूनच तारीख पक्की करा, कारण दाल्सनिब्बा या उंच पॉइंटकडे जाणारा आणि ट्रोलस्टिगन घाटाचा, दोन्ही रस्ते हिवाळाभर बंद असतात आणि साधारण मे महिन्यात कधीतरी उघडतात, बर्फ किती पडला त्यावर अवलंबून. नुकतेच उघडले असतील तर रस्त्याच्या दोन्ही बाजूला गाडीपेक्षा उंच बर्फाच्या भिंती बघायला मिळतात.

जुलै-ऑगस्ट म्हणजे गर्दी आणि महाग, पण हवा त्यातल्या त्यात उबदार. सप्टेंबरमध्ये रंग छान, गर्दी कमी, पण धबधबे बारीक झालेले. हिवाळ्यात गाव जवळपास झोपलेलं असतं, डोंगर इतके उंच की खाली ऊन पोचत नाही, बरीच हॉटेलं आणि बोटी बंद. पहिल्यांदा जाताय तर हिवाळा नकोच.

मिडनाइट सन आणि नॉर्दर्न लाइट्स दिसतात का इथे?

मिडनाइट सन नाही. गायरांगर ६२ अक्षांशावर आहे, आर्क्टिक सर्कल त्याच्या बऱ्याच वर. पण जूनमध्ये रात्री अकराच्या आसपास सूर्यास्त आणि नंतरही पूर्ण अंधार होतच नाही, त्यामुळे झोपायला डोळ्यांवर पट्टी न्या. नॉर्दर्न लाइट्ससाठी वर ट्रोम्सोला हिवाळ्यात जा, इथे त्या आशेने येऊ नका. उन्हाळ्यात तर प्रश्नच नाही, आकाश काळं झालं तर दिसणार ना.

भारतातून पोचायचं कसं?

आधी ऑस्लो, आखाती देशातून किंवा युरोपातल्या कुठल्या तरी मोठ्या विमानतळावरून. ऑस्लोहून तीन रस्ते. एक, डोमेस्टिक फ्लाइटने ओलेसुंद, तिथून गाडी किंवा बसने अडीच-तीन तास, मध्ये एक फेरी, म्हणजे गाड्या नेणारी बोट, लागते. दोन, ऑस्लोहून थेट गाडीने, अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर पण तिथले स्पीड लिमिट बघता आख्खा दिवस धरा. तीन, आणि मला सगळ्यात आवडणारा, ट्रेनने दोम्बोस आणि तिथून राउमा लाइनने ओंडाल्स्नेस. ही ११४ किलोमीटरची लाइन १९२४ ला पूर्ण झाली, शेवटच्या भागात डाव्या बाजूला बसा, ट्रोलवेगन नावाची भिंत दिसते, हजार मीटरपेक्षा जास्त सरळसोट कडा. ओंडाल्स्नेसहून उन्हाळ्यात पुढे बस मिळते.

ओलेसुंदला एक रात्र राहिलात तर वाया नाही जाणार. १९०४ च्या जानेवारीत हे शहर जवळपास सगळं जळून गेलं आणि मग काही वर्षांत एकाच स्टाइलमध्ये परत बांधलं, आर्ट नूव्हो, त्यामुळे सगळ्या इमारतींना मनोरे, वेलबुट्ट्या आणि चेहरे.

व्हिसा कुठला?

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, यावरून लोकांचा फार गोंधळ होतो. फी ९० युरो, शिवाय व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा, आणि कमीत कमी ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, त्यामुळे मे-जूनला जायचं असेल तर एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट शोधत बसू नका, आख्खा भारत तेव्हाच शोधत असतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज, हे विसरू नका.

गाडी भाड्याने घ्यावी का? घाटरस्त्यांची भीती वाटते.

दोन-तीन जण असाल आणि घरी नियमित घाटात गाडी चालवत असाल तर घ्या. रस्ता उत्तम असतो, अरुंद असला तरी खड्डा नाही, आणि समोरचा माणूस थांबून वाट देतो, हॉर्न नाही, डिपर नाही, मागून चिकटणं नाही. सवय लागायला वेळ लागतो ती उजव्या बाजूने चालवायची. हेडलाइट दिवसासुद्धा चालू ठेवायचे, नियमच आहे. स्पीडचा दंड इतका जबर की एका दंडात दोन रात्रींचं हॉटेल जाईल, आणि दारूची मर्यादा ०.२ प्रोमिल, म्हणजे व्यवहारात एक बीअरही नको. आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट घेऊन ठेवा आणि गाडी देणाऱ्या कंपनीला आधी ईमेलवर विचारून लेखी घ्या.

दोन गोष्टी मात्र नक्की. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, खालचा गिअर टाका, कारण घाटातल्या ११ वळणांनंतर ब्रेक तापून वास येणाऱ्या गाड्या तिथे रोज दिसतात. इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा प्रश्नच नाही, उतरताना उलट बॅटरी भरते. दुसरं, गूगल मॅप फेरीची वाट बघण्याचा वेळ नेहमी नीट धरत नाही, त्यामुळे जो वेळ दाखवेल त्यात तासभर मिळवा.

फेरी घ्यायची की टूरिस्ट बोट?

हेलेसिल्ट ते गायरांगर ही कार फेरी साधारण एक तास पाच मिनिटांत पूर्ण फ्योर्ड पार करते, आणि बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. गाडी नसेल तर नुसते चढून जाता येतं, स्वस्तात. गाडी असेल तर जुलैमध्ये आधीच बुकिंग करा. आयड्सडाल-लिंगे फेरी आहे ती वेगळी, ती रोजच्या वापराची, दहा-पंधरा मिनिटांची, तिचं बुकिंग वगैरे काही नसतं.

टूरिस्ट बोट धबधब्यांच्या जास्त जवळ जाते आणि काही फेऱ्यांना ट्रेकर्सना कड्याखाली उतरवते. कायाकही मिळतात. बोटीवर असाल तर वरच्या डेकवर उभे राहा, काचेआड बसून काही मजा नाही, आणि टोपी धरून ठेवा.

सेव्हन सिस्टर्स धबधबा खरंच सात धारांचा आहे का?

जूनमध्ये हो. ऑगस्टमध्ये मोजा आणि सांगा, चारच्या पुढे जाणार नाहीत. वरती मोठा तलाव किंवा हिमनदी नाही, वितळणारा बर्फ आणि पाऊस एवढंच भांडवल. सगळ्यात लांब सरळ पडणारी धार साधारण २५० मीटर. समोरच्या बाजूला एकटा धबधबा आहे, त्याला म्हणतात फ्रियारेन, म्हणजे मागणी घालायला आलेला नवरदेव, तो बिचारा सात बहिणींकडे बघत उभा, आणि त्याच्या मधोमध बाटलीसारखा आकार दिसतो, सातही जणींनी नकार दिल्यावर तो दारूकडे वळला अशी गाइड लोकांची गोष्ट. पुढे एक ब्रायडल व्हेलही आहे. नावं ठेवणारा माणूस लग्नाच्या सीझनमध्ये आला असणार.

बोटीतून कड्यावर घरं दिसतात. तिथे खरंच कोणी राहायचं का?

राहायचं, आणि पिढ्यान् पिढ्या. माझ्या मते गायरांगरमध्ये बघण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि बोटीवरचे निम्मे लोक तेव्हा सेल्फी काढत असतात.

स्कागेफ्लो, क्निव्सफ्लो आणि ब्लोमबर्ग ही त्यातली तीन प्रसिद्ध नावं. स्कागेफ्लो पाण्यापासून साधारण २५० मीटर वर, एका कड्याच्या फळीवर. खालून बघितलं तर वाटतं की इथे माणूस उभासुद्धा राहू शकणार नाही, आणि तिथे लोक शेळ्या पाळत होते, गवत कापत होते, पोरं वाढवत होते. पोरांना खेळताना कड्यावरून पडू नयेत म्हणून दोरीने बांधून ठेवायचे असं सांगतात. मग एवढ्या वर का राहायचं? कारण वर चारा चांगला, ऊन जास्त वेळ, आणि खाली सपाट जमीनच नाही. रस्ता नाही, फक्त होडी, आणि होडीपासून घरापर्यंत पाठीवर सगळं वाहून न्यायचं. पीठ, मीठ, चुलीचं लोखंड, सगळं.

स्कागेफ्लोची एक गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो, की वाटेत एका ठिकाणी शिडी लावलेली असायची आणि करवसुलीवाला खाली दिसला की ती वर ओढून घ्यायचे. खरी असो नसो, वाट बघितल्यावर पटते.

क्निव्सफ्लो सात बहिणींच्या अगदी शेजारी. तिथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला घर सोडलं कारण वरून दरड कोसळायची भीती होती. स्कागेफ्लोवरून शेवटचे लोक १९१६ मध्ये खाली आले. पुढे घरं मोडकळीला आली होती, स्थानिक लोकांच्या एका संस्थेने ती दुरुस्त करून उभी ठेवली, म्हणून आज आपल्याला दिसतात. १९९३ मध्ये राजा हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस चक्क स्कागेफ्लोवर साजरा केला, युरोपातल्या राजघराण्यांचे पाहुणे बोलावून. रेशमी साड्या नव्हत्या, सगळे ट्रेकिंगच्या बुटात.

स्कागेफ्लोचा ट्रेक आम्हाला जमेल का?

राजगड, हरिश्चंद्रगड अशा ठिकाणी जाणारे असाल तर नक्की जमेल. दोन पर्याय आहेत. एक म्हणजे गावापासून जवळच्या होमलोंगहून चालत जायचं आणि तसंच परत यायचं, चढउतार बराच आहे, पाच-सहा तास हाताशी ठेवा. दुसरा म्हणजे बोटीने कड्याखाली उतरायचं आणि सरळ वर चढायचं, अंतर कमी पण चढ असा की काही ठिकाणी हाताने साखळी-दोर धरावा लागतो, मग वरून होमलोंगमार्गे चालत गावात. उलटं करू नका, म्हणजे त्या बाजूने उतरू नका, गुडघ्यांना आणि जिवाला दोन्हीला त्रास. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर मुळं आणि दगड निसरडे असतात, तेव्हा ती बोटीची वाट सोडून द्या.

उंचीची भीती असलेल्या माणसाला आग्रह करू नका. वर पोचल्यावर अंगणाच्या कडेला कठडा वगैरे काही नाहीये, गवत संपतं आणि तिथे हवा सुरू होते.

ट्रेक नको, पण थोडं चालायचंय. काहीतरी सोपं सांगा.

गावातूनच स्तोरफॉसेन धबधब्याच्या कडेने लोखंडी जिना बांधलाय, ३२७ पायऱ्या, वर गेलात की फ्योर्ड सेंटर नावाचं म्युझियम. आधी म्युझियम बघून मग जिना उतरलात तर दम न लागता पाण्याचे तुषार अंगावर घेता येतात. त्याहून थोडं जास्त हवं असेल तर वेस्तेरोस फार्मपर्यंत गाडीने जा आणि तिथून स्तोरसेतरफॉसेनला चाला, जाऊन-येऊन दोन तास, आणि तिथे धबधब्याच्या मागून जाता येतं. वाट चिखलाची असते, पांढरे स्नीकर्स नकोत.

दाल्सनिब्बा कशासाठी जायचं? टोल फार आहे म्हणे.

टोल आहे, खाजगी रस्ता आहे, १९३९ मध्ये उघडलेला. वर १,४७६ मीटरवर गाडी थेट जाते आणि कड्याच्या बाहेर आलेला जाळीचा प्लॅटफॉर्म आहे. खाली फ्योर्डचा तुकडा निळा-हिरवा दिसतो आणि क्रूझ बोट नखाएवढी. पण हे फक्त हवा स्वच्छ असेल तेव्हा. टोल भरायच्या आधी वेबकॅम बघा, ढगात पैसे घालवू नका. आणि गावात १८ डिग्री असेल तर वर आठ-नऊ, कारण दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा डिग्री कमी होतात, वर वारा वेगळाच. टीशर्टवर वर जाऊन पाच मिनिटांत गाडीत परत पळणारे खूप बघितलेत.

फ्लिदाल्सयुवेट हा पॉइंट त्याच रस्त्यावर खाली आहे, फुकट, आणि गायरांगरचे जे फोटो तुम्ही पाहिलेत त्यातले निम्मे तिथूनच काढलेले असतात. दुसऱ्या बाजूला ईगल रोडवर, म्हणजे आयड्सडालकडे जाणाऱ्या ११ वळणांच्या रस्त्यावर, सगळ्यात वरच्या वळणावर एक पॉइंट आहे, साधारण ६२० मीटर. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सातनंतर जा. दुपारी बसगाड्यांमुळे पार्किंगच मिळत नाही.

ट्रोलस्टिगन चालू आहे का?

हे निघायच्या आदल्या दिवशी नॉर्वेच्या रस्ते विभागाच्या साइटवर बघायचं, इथे नाही. सुंदर रस्ता आहे, ११ वळणं, १९३६ मध्ये राजा होकोन सातवा याच्या हस्ते उघडलेला, पण डोंगर ठिसूळ आहे. २०२४ च्या जूनमध्ये दगड पडले आणि तो सीझनभर रस्ता बंदच राहिला, हजारो लोकांचे प्लॅन बदलले. त्यामुळे ट्रोलस्टिगनवर आख्खी ट्रिप टांगून ठेवू नका, बंद असेल तर ओलेसुंदमार्गे जायचा पर्याय हाताशी असू द्या.

डोंगर कोसळून सुनामी येणार असं वाचलं. जाणं सेफ आहे का?

धोका खरा आहे, थाप नाही, आणि म्हणूनच तिथे बारीक लक्ष ठेवलं जातं. आधी मागचं सांगतो. ७ एप्रिल १९३४ ला पहाटे शेजारच्या ताफ्योर्डमध्ये डोंगराचा मोठा तुकडा पाण्यात पडला, कोसळला तिथे लाट ६० मीटरच्या वर उसळली, आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्त्यांमधले ४० लोक गेले. बंद, अरुंद पाण्यात लाटेला पसरायला जागा नसते, ती किनाऱ्यावर चढतेच.

आता ओकर्नेसेट. सुनिल्व्सफ्योर्डच्या बाजूच्या या डोंगराला वर लांबलचक भेग आहे आणि ती दरवर्षी काही सेंटिमीटर रुंदावते. हा भाग एकदम खाली आला तर लाट हेलेसिल्ट आणि गायरांगर दोन्हीकडे पोचेल. म्हणून तिथे भेगेत मोजयंत्रं, जीपीएस, रडार, भूकंपमापक, सगळं लावलंय आणि २४ तास नजर असते. असे डोंगर पडायच्या आधी त्यांचा वेग वाढत जातो, त्यावरून काही दिवस आधी इशारा देऊन गाव रिकामं करता येईल असं सगळं नियोजन बसवलेलं आहे. गावात सायरन आहेत, लोकांना कुठे जायचं ते माहीत आहे. तुम्ही एवढंच करा, हॉटेलमध्ये पोचल्यावर दारामागचा नकाशा वाचा आणि सायरन झालाच तर सामान न घेता वरच्या दिशेने जा. तिथले लोक आयुष्यभर त्या डोंगराखाली राहतात, पोरांना शाळेत पाठवतात, स्ट्रॉबेरी लावतात. दोन रात्रींसाठी तुम्ही घाबरून जायचं थांबवू नका, पण चेष्टाही करू नका, विशेषतः तिथल्या माणसासमोर.

क्रूझने गेलो तर नाही का चालणार?

चालेल. आत शिरतानाचा नजारा क्रूझवरून जबरदस्त दिसतो हे मान्य. पण तुम्ही उतरता तेव्हा तुमच्याबरोबर दोन-तीन हजार माणसं उतरतात, अडीचशेच्या गावात, आणि कधीकधी एका दिवशी एकापेक्षा जास्त बोटी असतात. आइस्क्रीमलाही रांग. संध्याकाळी बोटी गेल्या की अर्ध्या तासात गाव वेगळंच होतं, धबधब्याचा आवाज गावभर ऐकू येतो, तो दिवसा कळतच नाही. ते बघायला रात्री राहणारेच असतात.

धुराचाही प्रश्न आहेच. दरी अरुंद, वारा कमी, त्यामुळे धूर खालीच साचायचा. म्हणून नॉर्वेने नियम केला की १ जानेवारी २०२६ पासून १०,००० ग्रॉस टनांखालच्या बोटींना या वारसा फ्योर्डमध्ये शून्य उत्सर्जन बंधनकारक, मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत. मोठ्यांना मुदत आणि छोट्यांना आधी, यावर तिकडेही लोक कुरकुरतातच.

खायचं काय? आम्ही व्हेज आहोत.

गावात पर्याय कमी, महाग, आणि व्हेज म्हणजे बहुतेक पिझ्झा, सूप नाहीतर बटाटे. किचन असलेली केबिन घ्या, सुपरमार्केटमधून सामान आणा आणि कुकर-भात करा, हेच सगळ्यात सुखाचं. घरून नेताना मात्र काळजी घ्या: नॉर्वेत बाहेरच्या देशातून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा नाही. बटाटेही न्यायचे नाहीत, कच्चे बटाटे तर नाहीतच. मेतकूट, भाजणी, तेलातले थेपले, लोणचं, कोरडे मसाले, पोह्यांचा चिवडा असलं न्या.

बाकी फेरीवर स्वेले मिळतं, ते खाच. जाडसर गोड धिरड्यासारखं असतं, गरम गरम तव्यावरून काढून आत लोणी-साखर किंवा ब्राऊन चीज घालून दुमडून देतात. त्यात अंडं असतं, एवढं लक्षात ठेवा. ब्राऊन चीज पहिल्यांदा खाताना विचित्र लागतं, दुसऱ्यांदा आवडतं. आणि जुलैमध्ये वाल्दालच्या बाजूने जात असाल तर रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी घ्या, उगीच भाव करायला जाऊ नका, तिथे तो प्रकार नाही.

खर्च किती येतो?

आकडा नाही सांगत, दरवर्षी बदलतो, पण नॉर्वे स्वित्झर्लंडच्या पंगतीतला आहे असं धरून चाला. बचत तीन ठिकाणी होते. राहणं केबिनमध्ये, जेवण स्वतः बनवून, आणि पाणी नळाचं. पाण्याची बाटली विकत घेणं म्हणजे तिथे शुद्ध वेडेपणा आहे. बीअर सुपरमार्केटमध्ये मिळते पण रात्री आठनंतर नाही, शनिवारी सहानंतर नाही आणि रविवारी अजिबात नाही. वाइन-व्हिस्की फक्त सरकारी दुकानात. रविवारी बहुतेक मोठी दुकानंही बंद, त्यामुळे शनिवारी दुपारीच दूध-ब्रेड घेऊन ठेवा. कॅश लागत नाही.

आई-बाबांना नेलं तर?

न्या की. फेरी, फ्लिदाल्सयुवेट, ईगल रोडचा पॉइंट, दाल्सनिब्बा, फ्योर्ड सेंटर, १८४२ चं छोटं अष्टकोनी चर्च, हे सगळं फारसं न चालता होतं. वळणांवर गाडी लागते त्यांना गोळी आधी द्या. रूम घेताना लिफ्ट आहे का विचारा, आणि मोठ्या दवाखान्याची सोय धरू नका, छोटं गाव आहे, नेहमीच्या गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शन बरोबर हवंच.

कपडे काय न्यायचे?

रेनकोट, पँटसकट. छत्री वाऱ्यात उलटते. थर घालायचे, आत एक लोकरी, मधे फ्लीस, वर पावसाचं. पावसाचा अंदाज बघायला यर नावाचं नॉर्वेजियन अ‍ॅप वापरा.

गायरांगर की फ्लाम? दोन्हीला वेळ नाहीये.

गाडी घेणार नसाल आणि ऑस्लो-बर्गन असाच प्रवास असेल तर फ्लाम, म्हणजे नॅरोयफ्योर्डजवळचं गाव. ट्रेन, बोट, बस सगळं एकमेकांना जोडलेलं आहे, नॅरोयफ्योर्ड बघायला मिळतो, जो एका ठिकाणी जेमतेम २५० मीटर रुंद आहे, आणि फ्लामची ट्रेन २० किलोमीटरमध्ये ८६० मीटरच्या वर चढते. गाडी असेल, डोंगरात वर जायची हौस असेल आणि दोन रात्री देता येत असतील तर गायरांगर. एकाच दिवसात जाऊन यायचं असेल तर गायरांगरच्या वाटेला जाऊ नका, सगळा दिवस रस्त्यातच जाईल.

तंबू ठोकता येतो का कुठेही?

नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात सगळ्यांना फिरायचा आणि राहायचा हक्क आहे, मात्र घरापासून निदान १५० मीटर लांब आणि शेतात नाही. गायरांगरमध्ये सपाट मोकळी जागाच इतकी कमी आहे की पाण्याकाठच्या कॅम्पिंग साइटवर पैसे भरून राहणं सोपं. जून-जुलैत पहिल्या रांगेतली जागा हवी असेल तर दुपारी लवकर पोचा.

फ्योर्डमध्ये पोहता येतं का?

येतं. उडी मारून बाहेर येता येतं, असं म्हणा हवं तर.